देवळामागच्या चार खोल्या

धर्मासाठी प्राण देऊ म्हणणारी माणसं आमच्या गावात पुष्कळ होती. बुंदी देऊ म्हणणारा एकच निघाला, आणि त्या दिवशी देवळात कालवा उठला.

गाव ताडकळसच्या बाजाराला पायी जाऊन उजेड असेतो परत येता येईल एवढ्या अंतरावर. मारुतीचं देऊळ, देवळाचं भजनी मंडळ आणि मंडळाचा चैत्रातला सप्ताह. सात दिवस नामस्मरण अखंड चालायचं. कोणी ना कोणी वीणा गळ्यात घालून देवापुढे उभा असायचा आणि ती वीणा सात दिवस जमिनीला टेकायची नाही. आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन, मग हंडी, मग वीणा खाली, मग पंगत. आजूबाजूची पाच-सात गावं जेवायला यायची. वरण, भात, वांग्याची भाजी, पुऱ्या आणि बुंदी. कीर्तन कोणी केलं हे लोक पुढच्या अमावास्येपर्यंत विसरत. बुंदी पाकात मुरली होती की कोरडी राहिली, हे मात्र तीन वर्षांनीही सांगत.

मी त्याच गावातला, पण देवळापेक्षा पत्रकांवर जास्त वाढलो. निजामी अमलात वडील ज्वारीच्या कणगीत पत्रकं लपवीत, आणि घरात दुसरं छापील काही नसल्यामुळे मी मराठी वाचायला त्यावरच शिकलो. शाळा उर्दूची. म्हणजे मी उर्दूत शिकलो आणि मराठीत चिडलो. पुढे पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. चिडायची सवय तेवढी मागे राहिली. गरिबाच्या ताटातला घास उचलून देवापुढे ठेवणं आणि देव जेवत नाही म्हणून तो आपणच खाणं, याला धर्म म्हणतात, अशी विशीत माझी ठाम समजूत होती. ती साफ चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही.

बुंदी देऊ म्हणणारा माणूस म्हणजे मंडळाचा सगळ्यात जुना वीणेकरी. त्याला सगळे आबा म्हणत. चार एकर मुरमाड जमीन, एक डोळा अधू, आणि बोलणं इतकं कमी की तो बोलायला उठला की लोकांना वाटे कोणी तरी वारलं असणार. सप्ताहाच्या आधीच्या बैठकीत तो उठला आणि म्हणाला, “दोन वर्सं बुंदी बंद करा. तेल, साखर, डाळ जी जमती तिच्यातून देवळामागं चार खोल्या बांधू. लोकाच्या गोठ्यात निजनारी मानसं हायत गावात.”

आधी कोणालाच कळेना. मग एकदम सगळ्यांना कळलं.

“आबा, बुंदी न्हाई म्हंजी ते सुतकातलं जेवन झालं की!”

“भाईरगावचे लोक काय म्हनतील?”

“म्हनतील, बुंदी न्हाई,” आबा म्हणाला.

“अवो, पन देवाला काय वाटंल?”

“त्याला इचारा. समोरच हाय.”

देवाला कोणी विचारलं नाही. अध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष म्हणजे गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. आपली शीव कुठवर आहे हे त्यांना गड्याला विचारून सांगावं लागे. त्या दिवसांत जिकडे तिकडे श्रमदानाचं वारं होतं. कुठे रस्ता, कुठे बांध, आणि जिथे श्रमदान तिथे उद्घाटनाला साहेब. अध्यक्षांनी डोळे मिटले. त्या मिटलेल्या डोळ्यांपुढे साहेबाची जीप उभी राहिली असावी, कारण डोळे उघडून ते म्हणाले, “विचार चांगला आहे.” लगेच तो सगळ्यांनाच चांगला वाटू लागला.

खोल्या बांधायला दोन वर्षं लागली. जागा देवस्थानची, देवळामागची पडीक. भिंतींना जुन्या गावठाणातली पांढरी माती. वर माळवद, म्हणजे लाकडं आडवी टाकून त्यावर मातीचा थर. त्यासाठी घराघरानं एक लाकूड द्यायचं ठरलं, आणि घराघरानं जे लाकूड दुसऱ्या कशालाच चाललं नसतं तेच देवाला दिलं. चार खोल्यांचं छप्पर असं झालं की खाली उभं राहून वर पाहिलं तर चक्कर यावी. पण ते पडलं नाही. आमच्याकडे वाकडी माणसं एकमेकांना धरून वर्षानुवर्षं उभी राहतात. लाकडांनी तेच केलं.

माती कालवायला आणि वाहायला वेशीबाहेरची माणसं बोलावली. त्याला श्रमदान म्हणत नसत. त्याला काम म्हणत. श्रमदान अध्यक्षांनी केलं. परभणीहून फोटोवाला आला तेव्हा त्यांनी पांढरं धोतर नेसून घमेलं हातात धरलं. फोटो छान आला. घमेल्यात माती घालायची तेवढी घाईत राहून गेली होती.

मग प्रश्न आला, खोल्या कोणाला? भाडं घ्यायचं नाही, राहणाऱ्यानं देवळाचं अंगण झाडायचं, एवढीच अट. म्हणून माणसं निवडून घेतली पाहिजेत असं मंडळाचं मत पडलं. गरजू कोण हे ठरवायला जी माणसं बसली, त्यांच्यात एकाचंही घर गळत नव्हतं.

पहिलं नाव आबानं सांगितलं. गावात एक विधवा होती, तिशी ओलांडलेली. नवरा तापानं गेला आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आत दिरांनी तिचं बोचकं अंगणात आणून ठेवलं. तेव्हापासून ती दोन शेळ्या घेऊन मंडळातल्याच पखवाजवाल्याच्या गोठ्यात एका कोपऱ्यात राहायची. गोठ्याला तीन भिंती. चौथ्या बाजूला तिनं गोणपाट बांधलं होतं, ते वारा आला की तिच्यापेक्षा वाऱ्याचं ऐके.

“बाई चांगली हाय,” एकजण म्हणाला, “पन भजनाला येत न्हाई.”

तिला बोलावून विचारलं. ती देवळाच्या पायरीखाली उभी राहिली. दिवसभर कापूस वेचून बोटं चिरलेली.

“भजनाला का येत न्हाईस बाई?”

“मालक, त्या टायमाला मी लोकाचं दळन दळते. भजनाला आले तर दळायला तुमचा देव बसंल का?”

आबा हसला. बाकीचे हसले नाहीत, पण तिला नाही म्हणायला तोंडही राहिलं नाही. पहिली खोली तिची ठरली. आणखी दोन नावं ठरली. चौथीवर एकमत होईना, म्हणून ती तशीच ठेवली.

आता साहेबाची तारीख मिळाली की उद्घाटन करायचं आणि किल्ल्या द्यायच्या. तारीख काही मिळेना. मधल्या काळात अध्यक्षांचा कापूस घरात मावेना. भाव वाढायची वाट पाहत त्यांनी तो विकला नव्हता. “आठ दिवसांसाठी” म्हणून एक खोली भरली. आठ दिवसांनी दुसरी. फाल्गुन संपला तेव्हा चारी खोल्या आढ्यापर्यंत भरल्या होत्या. गोरगरिबांसाठी बांधलेल्या घरात सगळ्यात आधी कापूस राहायला गेला. भजनाला तोही येत नव्हता, पण त्याला कोणी काही विचारलं नाही.

इकडे पखवाजवाल्यानं बैलजोडी घ्यायची ठरवली. जोडी आली की गोठा लागणार. तो वाईट माणूस नव्हता. बाईला त्यानं स्वतः येऊन सांगितलं, “ताई, माझा जीव तुटायलाय. पन बैल कुठं बांधू? सप्ताह होऊ दे. सप्ताहात कुनाला घराभाईर काढलं तर पाप लागतं. काला झाला की दुसऱ्या दिशी ताडकळसचा बाजार हाय, तवा जोडी आनतो.” धर्म पाळून कोणाला घराबाहेर कसं काढावं याचा नमुना म्हणून हे वाक्य मी तेव्हाच वहीत उतरवून ठेवलं.

म्हणजे हिशेब सरळ होता. काल्याच्या दिवशी खोली मिळाली तर बाईला छप्पर. नाही तर दुसऱ्या दिवशी तिथे बैल येणार, आणि ती दोन शेळ्या घेऊन कुठे जाणार ते कोणालाच माहीत नव्हतं.

मी अर्थातच पत्रक काढलं. परभणीच्या छापखान्यात दिवसभर बसून छापून आणलं. मथळा होता, ‘देवाच्या नावानं कापसाचं कोठार’. आत अन्याय, ढोंग, भांडवल आणि जागृती हे शब्द जिथे मावतील तिथे घातले होते. बाईची कथा दोन परिच्छेद. नाव नव्हतं, पण दोन शेळ्या आणि गोठा लिहिल्यावर नाव लिहायला कशाला हवं? मी ते घरोघर वाटलं, देवळाच्या खांबाला चिकटवलं आणि क्रांतीची वाट पाहत पारावर बसलो.

क्रांती आली नाही. बैठक आली. अध्यक्ष म्हणाले, “मी उद्याच कापूस काढणार होतो. पण आता देवस्थानची बदनामी झाली आहे. दबावाखाली काही करणं शोभणार नाही. खोल्यांचं नंतर बघू.” माझ्याकडे बघून म्हणाले, “काय पुढारी? लिहा हेही.” सगळे खूष. एवढा वेळ अध्यक्षांना कापूस न काढायला कारण नव्हतं. ते मी छापून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही.

“दादा, कुनी सांगितलं होतं तुमाला?”

“मी तुमच्यासाठीच…”

“माझ्यासाठी? मला कागदात घालून तुमी घरोघरी वाटलं. काल दळन द्यायला गेले तर ती बाई म्हनती, तुझ्यावर छापून आलंय की गं! दळन कुनी देईना आता. खोली तर गेलीच.”

मी काहीतरी बोललो. बहुधा ‘समाज’ हा शब्द होता त्यात.

“आन् लिव्हायचंच होतं,” ती जाता जाता म्हणाली, “तर येशीभाईरच्यांचं लिव्हायचं. माती त्यांनी कालवली, त्यांनी वाहिली. तुमच्या कागदात हायत का ते?”

मी पत्रक पुन्हा वाचलं. नव्हते. समतेवरची पत्रकं वाचत मी लहानाचा मोठा झालो होतो, आणि चार खोल्यांच्या यादीत वेशीबाहेरचा एकही माणूस नाही हे मंडळाच्या जसं लक्षात आलं नव्हतं तसंच माझ्याही आलं नव्हतं. पुढच्या बैठकीत मी उठून म्हटलं, चौथी खोली त्यांच्यातल्या एकाला द्या. मग अध्यक्ष म्हणाले, “विचार करू.” अजून करताहेत.

त्या बैठकीत आबा कोपऱ्यात बसून होता. कापसाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. मला वाटलं, म्हातारा खचला. अध्यक्षांनाही तेच वाटलं. म्हाताऱ्याचं मन राखावं, गावालाही आपलं मोठेपण दिसावं, म्हणून त्यांनी जाहीर केलं, “काल्याच्या वेळी वीणेचा शेवटचा पहारा यंदा आबांचा. त्यांचा मान आहे.”

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. पहारा बदलताना पुढचा माणूस उभ्या असलेल्याच्या पाया पडतो, आणि उभा असलेला आपल्या हातानं वीणा त्याच्या गळ्यात घालतो. मागून घेता येत नाही. ओढून तर नाहीच. ओढलेली वीणा बाटते आणि सात दिवसांचं नाम फुकट जातं. आणि शेवटचा पहारेकरी काल्यानंतर स्वतः वाकून वीणा खाली ठेवतो, तेव्हाच सप्ताह संपतो. तो संपल्याशिवाय पंगत बसत नाही. हे सगळं अध्यक्षांना लहानपणापासून पाठ होतं. तरीही त्यांनी सगळ्या गावातून नेमका आबा निवडला.

काल्याच्या दिवशी मांडव माणसांनी फुलला होता. दोन वर्षांनी बुंदी परत आली होती आणि ही बातमी पार पूर्णेपर्यंत गेली होती. कढयांचा वास कीर्तनात शिरत होता. महाराज चतुर होते. वास जसा वाढला तसं त्यांनी निरूपण आवरतं घेतलं. हंडी फुटली, काला वाटला, पुंडलिक वरदा झालं. महाराज म्हणाले, “वीणेकरी, वीणा ठेवा.”

आबा उभाच.

“आबा, वीना ठिवा म्हनलेत महाराज.”

“ऐकू आलं,” आबा म्हणाला. “कापूस निघाला का?”

पुढच्या रांगेतले हसले. मागच्यांना वाटलं गंमत चाललीय, म्हणून तेही हसले. अध्यक्ष उठून जवळ गेले. “आबा, ही वेळ आहे का? जेवणं होऊ द्या, मग बोलू.”

“जेवनं झाली की तुमी झोपता. खोल्या मोकळ्या करा, ठिवतो.”

“अहो, लोक ताटकळलेत!”

“बाई दोन वर्सं ताटकळली. तिच्यासाठी कुनी ‘अहो’ म्हनलं न्हाई.”

तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं की म्हातारा खरंच वीणा ठेवत नाही. एक तरुण पुढे सरसावला, वीणेला हात घालणार तोच मागून त्याच्या चुलत्यानं शर्ट धरून त्याला बसवलं. “बाटवतोस का रे? सात दिस आमी उभे ऱ्हायलो ते काय तुझ्या बुंदीसाठी?” खरं उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण दिलं कोणी नाही.

अध्यक्ष महाराजांकडे वळले. “महाराज, शास्त्र काय सांगतं?”

महाराजांनी आबाकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. त्यांना पालमच्या बाजूला दुसरा सप्ताह धरायचा होता. म्हणाले, “शास्त्रात कापसाचा उल्लेख नाही.”

घटका गेली. दुसरी गेली. चैत्राचं ऊन मांडवाच्या कापडातून खाली गळत होतं. आबा ‘रामकृष्णहरी’ म्हणत एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेत होता. नाम थांबवायची सोय नव्हती, म्हणून टाळकरीही वाजवत होते. हळूहळू त्यांचे हात असे उचलले जात होते की जणू टाळ लोखंडाचे आहेत. पुऱ्या गार झाल्या. बायकांच्या बाजूनं आवाज आला, “अवं, माल तेवढा काढा की! लेकरं रडायलीत!”

पहिले उठले ते बोरीकडचे पाहुणे. त्यांना अध्यक्षांची भीती नव्हती, कारण त्यांच्या शिवाराला यांची शीव लागत नव्हती. “कुठं हाय तुमचा कापूस? दावा तरी!” आणि मग सगळा मांडवच देवळामागे लोटला. किल्ली अध्यक्षांच्या कमरेला होती. त्यांनी ती शोधायचं नाटक थोडा वेळ केलं, पण दोन-अडीचशे भुकेली माणसं बघत असताना किल्ली फार वेळ हरवत नाही.

कापूस धोतरांत, उपरण्यांत, पासोड्यांत भरून निघाला. मीही भरला. एवढ्या वर्षांत माझ्या लेखणीनं जेवढं हलवलं नव्हतं तेवढं त्या तासाभरात माझ्या पासोडीनं हलवलं. शेवटी शेवटी अध्यक्षांनीही एक गाठोडं डोक्यावर घेतलं, आणि या वेळी ते खरोखर भरलेलं होतं. फोटोवाला मात्र नव्हता. सगळ्यांच्या केसांना, मिशांना कापूस. असे एकजात म्हातारे होऊन आम्ही मांडवात परत आलो.

“निघाला का?” आबानं विचारलं. मग त्याचा विश्वास नसल्यामुळे पखवाजवाल्याला पाठवलं. पखवाजवाला चारी खोल्या बघून आला आणि म्हणाला, “निघाला आबा. ताईनं शेळ्या आत बांधल्या पन.”

आबा वाकला. वीणा खाली ठेवली आणि तिच्याजवळच बसला, कारण उठता येईना.

पंगती उठल्या तेव्हा दुपार कलली होती. बुंदीच्या दोन मुठी जास्त गेल्यामुळे मंडळ सद्गदित झालं होतं. कोणी तरी म्हणालं, पहिल्या घरात गृहप्रवेशाचं भजन झालंच पाहिजे. अध्यक्षांच्या हातात नारळ आला. दोन शब्द बोलायची त्यांनी तयारी केली, त्यांतले ‘मी पूर्वीपासूनच’ हे मला स्पष्ट ऐकू आले. टाळ-मृदंग घेऊन तीस-चाळीस जण मिरवत देवळामागे गेले. मीही गेलो. नव्या पत्रकासाठी मला बाईला तीन प्रश्न विचारायचे होते, ते खिशात लिहून ठेवले होते.

दार बंद.

“ताई, उघड! भजन करायला आलोय!”

“उद्या करा,” आतून आवाज आला. “मी निजलेय.”

अध्यक्ष पुढे झाले. “अगं, पहिल्या दिवशी घरात देवाचं नाव व्हावं लागतं.”

“सात दिस झालं की मालक. भिताडाला कान लावून ऐकलं मी, त्या गोठ्यातून. बैल यायचेत म्हनून डोळा लागला न्हाई सात दिस. आता निजू द्या.”

“मग आम्ही काय करायचं?”

“घरी जा.”

कोणी हललं नाही. घरातून बाहेर काढायची मंडळाला सवय होती. दाराबाहेर उभं राहायची नव्हती. तेवढ्यात दोघांच्या खांद्यावर हात टाकून आबा येऊन पोचला. त्यानं बंद दाराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “म्हनायचंच असंल तर भाईर म्हना. पन हळू.”

आमच्या मंडळाला हळू म्हणता येत नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. तरी त्यांनी टाळ मुठीत धरून, बोटांनी दाबून वाजवले. टिक टिक असा सुपारी फोडल्यासारखा आवाज येऊ लागला. पखवाजवाल्यानं कातड्यावर उपरणं टाकलं. अध्यक्ष नारळ पोटाशी धरून ओठ तेवढे हलवू लागले. मी माझे तीन प्रश्न खिशातच ठेवून त्या गर्दीत उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा मंडळाबरोबर ‘रामकृष्णहरी’ म्हटलं, तेही कुजबुजत.

आतून बाईचा आवाज आला, “अजून हळू.”